आधी मोसंबीचा भाव

आमच्या मोसंबी उत्पादक संघाची वेबसाइट मी केली, असं जालन्यात अजून म्हणतात. मी संघाचा सचिव होतो, एवढंच खरं. वेबसाइट माझ्या मुलीने केली.

तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून रडतखडत इंटरनेट चालायचं. मी तिला सांगितलं, उघडताच अध्यक्षांचा फोटो हवा, मग मानाप्रमाणे सगळे संचालक. आमच्या कार्यक्रमांच्या बॅनरवर तसंच असायचं.

“बाबा, सत्कार करायचाय की भाव सांगायचाय? एवढे फोटो उघडेपर्यंत माणूस मोंढ्यात जाऊन भाव विचारून येईल.”

तिने पहिल्या पानावर फक्त आजचा भाव ठेवला, पांढऱ्यावर काळ्या ठळक अक्षरांत. खाली दोन-तीन मोठी बटणं. फोटो शेवटच्या पानावर गेले आणि संचालक रुसले; कित्येक दिवस वाद चालला.

मग तिने केदारखेड्याहून माझ्या थोरल्या बहिणीला बोलावलं. बहिणीची स्वतःची बाग होती. मुलीने तिला सगळ्या संचालकांसमोर कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि आम्हाला म्हणाली, “कुणी काही सांगायचं नाही.” बहिणीने माऊस पहिल्यांदाच धरला होता. बाण इकडेतिकडे पळाला, पण बटण मोठं होतं. तिने आजचा भाव वाचला, मग कालचाही काढला.

“झालं बी? मंग तुम्ही इतके दिवस कशापायी भांडून राह्यले व्हते?”

अध्यक्षच आधी हसले.

वार्षिक सभेत शाल मात्र मला मिळाली. मुलगी मागे बसून टाळ्या वाजवत होती आणि मी तिचं नावही घेतलं नाही. ती शाल मी कधी पांघरली नाही. यंदा दिवाळीला मुलगी माहेरी आली की हयात संचालकांना बोलावून तीच शाल तिच्या खांद्यावर घालणार आहे.