पाणी आत घ्यायला शिकवणाऱ्या इंदुताई

“तुमच्या घरात पुराचं पाणी शिरलं, तर आधी कुठून शिरेल?”

इंदुताई सबनीस यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. माझे यजमान विमा कंपनीत. त्यांची बदली जयपूरला झाली आणि मी नागपूरची नोकरी सोडून त्यांच्यामागे आले. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी होती, सहा वर्षांचा अनुभव होता, कडेवर दोन वर्षांची मुलगी होती आणि हाताला काम नव्हते. मराठी मंडळातल्या एका काकूंनी शहरातल्या झालाना भागातल्या दोन खोल्यांच्या एका कार्यालयाचा पत्ता दिला. सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एक मराठी बाई तिथे बसतात, एवढेच मला ठाऊक होते.

मी प्रमाणपत्रांची फाइल पुढे केली. इंदुताईंनी ती उघडलीच नाही. तो प्रश्न विचारला. मी म्हणाले, दारातून. त्यांनी मान हलवली आणि घरी जाऊन नीट बघून यायला सांगितले. मला राग आला होता, तरी गेल्यावर मी बघितले. आम्ही तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. दाराला तीन पायऱ्या होत्या, पण न्हाणीघराची मोरी रस्त्यावरच्या गटारापेक्षा खाली होती. गटार भरले की पाणी उलटे फिरून मोरीतून वर येणार होते, आणि आम्ही समोरचे दार लावून निर्धास्त बसणार होतो. दुसऱ्या दिवशी हे सांगितले तेव्हा ताई प्रथमच हसल्या. “सोमवारपासून या,” म्हणाल्या. मोरीला उलटे पाणी अडवणारी झडप कशी बसवायची ते त्यांनी त्याच दिवशी कागदावर काढून दिले आणि घरमालकाशी स्वतः बोलल्या.

जयपुरात पुराचे काम करतो म्हटले की लोक चेष्टा करतात. इथल्या नद्या वर्षातले बहुतेक दिवस वाळूच्या असतात. त्यांच्या काठच्या सपाट जमिनीवर शाळा उभ्या राहतात, गोदामे उभी राहतात, लग्नाची मैदाने थाटली जातात. मग एखाद्या वर्षी असा पाऊस येतो की नदीला आपली जुनी वाट आठवते. अशा जागी आधीच बांधल्या गेलेल्या इमारती वाचवायच्या कशा, हे इंदुताईंचे काम. निवृत्तीनंतर आरामाचे दिवस होते. त्यांनी ते या कामाला दिले. सांगलीजवळच्या कृष्णाकाठी त्यांचे बालपण गेले. पुराशी त्यांची ओळख पुस्तकातून झालेली नाही.

पाहणीला गेल्यावर त्या आधी झाडांचे बुंधे बघतात, विहिरीचा कठडा बघतात आणि मग गावातल्या म्हाताऱ्या बायकांशी गप्पा मारायला बसतात. चूल कुठपर्यंत भिजली होती ते बाईच्या लक्षात राहते, असे त्यांचे म्हणणे. मोघम बोललेले त्यांना चालत नाही. ‘पाणी बरेच आले होते’ असे कुणी म्हटले की त्या लगेच विचारतात, बरेच म्हणजे कुठपर्यंत, कमरेपर्यंत का, आणि कुणाच्या कमरेपर्यंत? भिडेखातर त्यांनी कधी सही केल्याचे मला आठवत नाही. सिविल लाइन्समधल्या एका ओळखीच्या कुटुंबाला नाल्याकाठी नवा बंगला आणि खाली तळघर हवे होते. ताई त्यांच्याकडे जेवायला गेल्या, जेवण मनापासून वाखाणले, आणि हात धुऊन आल्यावर सांगितले की तळघर खणलेत तर नकाशावर माझे नाव नसेल. तळघर खणले गेले नाही. ते कुटुंब आजही त्यांना दिवाळीला मिठाई पाठवते.

माझी मुलगी सई या शहरातच वाढली. घरात मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी. त्यामुळे प्रत्येक वाक्यात एक ‘मतलब’ आणि ‘ळ’च्या जागी सर्रास ‘ल’. मी रागवत असे. ताईंनी तिला रविवारी आपल्याकडे बोलावले आणि आमच्या नकाशांवरची नावे मराठीत लिहायचे काम दिले. तळ, गाळ, नळ, ओहोळ, पातळी. सहा महिन्यांत सईचा ‘ळ’ स्वच्छ झाला. शाळेत मोठेपणी काय होणार असे विचारल्यावर तिने ‘गाळ बघणारी’ असे उत्तर दिले होते. ताईंना ते इतके आवडले की त्यांनी ते दोन वर्षे सगळ्यांना सांगितले.

पण ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या गौरवग्रंथात मला मुख्यतः सांगायची आहे ती जयपूरबाहेरच्या कानोता गावापुढच्या मुलींच्या वसतिगृहाची हकिगत. एका छोट्या संस्थेचे हे वसतिगृह कोरड्या नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. विटांची दुमजली इमारत, खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या चाळीस मुली आणि त्यांना सांभाळणाऱ्या गृहमाता कमलाजी. पहिल्यांदा गेलो तेव्हा कमलाजींनी आदराने चहा दिला आणि विचारले, “मॅडमजी, यहाँ नदी है कहाँ?” ताईंनी त्यांना कुंपणाबाहेरच्या खेजडीच्या झाडाजवळ नेले आणि बुंध्याच्या सालीत अडकून वाळलेला जुना गाळ दाखवला. तो कमलाजींच्या खांद्याइतका उंच होता. 

त्या उन्हाळ्यात आम्ही काम केले. मुलींच्या झोपायच्या खोल्या वर नेल्या. विजेचा बोर्ड आणि पंपाची कळ डोक्याच्या वर चढवली. सांडपाण्याच्या नळाला झडप बसवली. कुंपणाच्या भरीव भिंतीला तळाशी खिडक्यांसारखी भोके पाडून जाळ्या लावल्या, म्हणजे पाणी अडून फुगणार नाही, निघून जाईल. तळमजल्याच्या दोन्ही दारांच्या चौकटींना खाचा करून त्यांत एकावर एक सरकवायच्या जाड फळ्या तयार केल्या. त्या बसवल्या की कमरेपर्यंतचे पाणी बाहेर राहते. त्या फळ्यांच्या वरच्या काठाच्या पातळीत ताईंनी बाहेरच्या भिंतीवर लाल रंगाची रेघ ओढायला लावली. कमलाजींना म्हणाल्या, “पाणी या रेघेला टेकलं की फळ्या काढायच्या. मग पाणी आत येऊ द्यायचं.”

कमलाजींना ते पटले नाही, आणि खरे सांगते, मलाही मनातून पटले नव्हते. भिंतीवरच्या दाबाचे गणित मला करता येत होते. पण इतक्या मेहनतीने पाणी बाहेर ठेवायचे आणि ऐन वेळी आपल्याच हाताने आत घ्यायचे, हे मन ऐकत नव्हते. परतताना मी तसे बोलून दाखवले.  त्या दिवाळीत ताईंनी मला सोबत घेतले आणि गाडीने तीन तासांवरच्या एका खेड्यात नेले.

तिथे रामसहायजी राहतात. ताई नोकरीत नवीन होत्या तेव्हा नदीकाठच्या एका सरकारी इमारतीची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि रामसहायजी तिथे चौकीदार होते. एका पावसाळ्यात पाणी चढू लागले. ताईंनी दारांशी वाळूची पोती रचून घेतली. बाहेर पाणी छातीपर्यंत आले आणि आत जमीन कोरडी राहिली. सगळ्यांनी ताईंचे कौतुक केले. तासाभराने पाण्याच्या दाबाने अख्खी भिंत आत कोसळली आणि तिच्याखाली रामसहायजींचा उजवा पाय गेला. पाणी वेळेवर आत घेतले असते तर दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला असता आणि भिंत उभी राहिली असती. ताईंनी हे सारे मला अंगणातल्या खाटेवर बसून, रामसहायजींच्या समोरच सांगितले. आपली चूक सांगताना त्यांनी एकही शब्द मऊ केला नाही. रामसहायजींची मुले लहान असताना ताईंनी त्यांच्या शाळेचे बघितले, पुढे त्यांच्या नोकरीसाठी अर्ज हातात घेऊन कार्यालये पालथी घातली, हे मला नंतर रामसहायजींच्या सुनेकडून कळले. रामसहायजी मला एवढेच म्हणाले, “मॅडमजी हर दिवाली आती हैं, और मिठाई से पहले मेरी दीवारें देखती हैं।”

नंतर तीन पावसाळे कोरडे गेले. चौथ्या वर्षी, श्रावणात, मी सांडपाण्याची झडप तपासायला वसतिगृहात गेले होते. आदल्या दिवसापासून पाऊस होता. दुपारी दोनच्या सुमारास वरच्या अंगाला एका जुन्या तलावाची पाळ फुटल्याचा निरोप आला आणि अर्ध्या तासात वाळूच्या नदीच्या जागी गढूळ पाणी पसरत आले. रस्ता बंद झाला. मुलींना वर पाठवून कमलाजींनी आणि मी वीज बंद केली, मग फळ्या बसवल्या. पाणी कुंपणाच्या जाळ्यांतून आवारात आले, गुडघ्याइतके झाले, मांडीइतके झाले. इमारतीत मात्र तळमजल्यावरच्या शिवणवर्गाच्या दालनात जमीन कोरडी होती. मला अभिमान वाटला. कमलाजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

तरीही पाणी चढतच होते. जिन्याच्या खिडकीतून रेघ दिसत होती. मी ताईंना फोन लावला. गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन त्यांना पंधरा दिवस झाले होते. त्या घरी अंथरुणावर होत्या.

“रेघेपासून किती खाली आहे?” त्यांनी विचारले.

“चार बोटं. पण आत सगळं कोरडं आहे, ताई. जादा फळी आहे माझ्याकडे, ती वर चढवते.”

“नको. आता टेकेलच. असलेल्या काढा.”

मी सांगितले की मुलींची आठ शिलाई मशिने खाली आहेत, धान्य आहे, गाद्या आहेत; एवढे सगळे वर नेता आले नाही. पाणी कदाचित इथेच थांबेल.  ताई सावकाश बोलल्या.

“अपर्णा, बघा. मशिनं पुसून घेता येतील. पण त्या भिंतीवर वरचा मजला आहे आणि मजल्यावर चाळीस मुली आहेत. मी एकदा थांबून बघितलंय. तुम्ही थांबू नका.”

पुढचे सगळे त्यांनी फोनवरून एकेक पायरी सांगितले. मागचे दार आधी, कारण तिकडे पाण्याला ओढ कमी. फक्त सर्वांत वरची फळी काढायची, आतले पाणी वाढू द्यायचे, मग दुसरी. कंबरेला दोर बांधायचा आणि त्याचे दुसरे टोक जिन्याच्या कठड्याला. कमलाजींनी माझा हात धरला. “आप ही ने लगवाई थीं,” त्या म्हणाल्या. मी म्हणाले, हो, आणि काढायलाही आम्हीच सांगितले होते. त्यांनी एकदा वर मुलींच्या आवाजाकडे बघितले आणि फळीचे दुसरे टोक पकडले.

पहिली फळी निघाली तशी पाण्याची जाड चादर आत पडली. मशिनांचे पाय बुडताना मी बघितले आणि मला रडू आले. हात मात्र थांबले नाहीत. आतले पाणी वाढले तशा पुढच्या फळ्या हलक्या निघाल्या. पुढचे दारही मोकळे करून आम्ही दोघी वर जाऊन भिजलेल्या कपड्यांनी मुलींमध्ये बसलो. पाणी शेवटी छातीपर्यंत चढले. ताईंच्या शिस्तीप्रमाणे सांगायचे तर माझ्या छातीपर्यंत. थोड्या वेळाने मोठा आवाज झाला आणि इमारत हादरल्यासारखे वाटले. मुली एकमेकींना बिलगल्या. खिडकीतून पाहिले तर शेजारच्या लग्नाच्या मैदानाची लांबलचक भरीव भिंत आडवी झाली होती. सुदैवाने तिथे त्या दिवशी कुणी नव्हते. आमच्या भिंती उभ्या होत्या. कमलाजींनी सगळ्या मुली मोजल्या, आणि पुन्हा एकदा मोजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरले. कुणाला खरचटलेही नव्हते. खाली घोटाभर गाळ होता, गाद्या गेल्या होत्या. मशिने आठवडाभर उघडून, पुसून, तेल घालून आठांपैकी सात पुन्हा चालू झाली.

चौथ्या दिवशी डॉक्टरांचे न ऐकता ताई आल्या. गाडीतून उतरायला दहा मिनिटे लागली. वॉकर धरून त्यांनी इमारतीला एक पूर्ण फेरी घातली, दर दोन पावलांना थांबून भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठोकून कान देत. फेरी संपल्यावर खुर्चीत बसल्या आणि मला रामसहायजींना फोन लावायला सांगितले. “रामसहायजी, दीवार खड़ी है,” एवढेच त्या म्हणाल्या. पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. ताई बराच वेळ फोन कानाशी धरून होत्या. नंतर त्यांनी चहा मागितला, दोन कप घेतले आणि मुली अंगणात गाळ उपसत असताना, त्या गोंगाटात, खुर्चीतच झोपी गेल्या. कमलाजींनी त्यांच्या अंगावर ओढणी घातली. इतकी वर्षे सोबत काम करून मी त्यांना दिवसा झोपलेले पहिल्यांदाच पाहिले. कुणी त्यांना उठवले नाही.

आता त्यांचा गुडघा बरा आहे. झालानाचे कार्यालय मी आणि आणखी दोघी चालवतो. ताई आठवड्यातून दोनदा येतात आणि आमचे नकाशे लाल पेन्सिलीने रंगवून जातात. पुण्या-मुंबईहून इथे नोकरीला आलेली तरुण मंडळी तळमजल्यावर घर घेण्याआधी त्यांना मोरीचे फोटो पाठवतात. त्या प्रत्येकाला उत्तर देतात. बहुतेकांना आधी नकार येतो, मग दुसरे घर शोधायला मदतही मिळते.

पंचाहत्तरीच्या या वर्षी इंदुताईंना उत्तम प्रकृती लाभो, पायांत जिने चढण्याइतके बळ राहो, आणि त्यांच्या लाल पेन्सिलीखाली आमचे अनेक नकाशे येवोत. पावसाळा सुरू झाला की त्या फोन उशाशी ठेवून बसतात, हे त्यांच्या घरचे सांगतात. पुढच्या सगळ्या पावसाळ्यांत तो फोन खूपदा वाजावा, आणि दर वेळी पलीकडून आमच्यापैकी कुणीतरी एवढेच विचारावे, “ताई, जेवलात का?”