साहेबांच्या डोक्यावरच्या टोप्या

फौजेत नव्या अधिकाऱ्यांना जवानांच्या चालीरीती समजावण्याचं काम माझ्याकडं होतं. आमचे मणिपुरी कॅप्टनसाहेब एका जवानाच्या लग्नाला त्याच्या ईट गावी निघाले, तेव्हा मी बजावलं, "आहेराची टोपी नाकारू नका, डोक्यावर घाला." दुसरी आली की पहिली काढून पिशवीत टाकायची, हे सांगायचं राहिलं.

मांडवात सोयरे टोप्या देत गेले, साहेब एकावर एक चढवत गेले. नवरदेव रडकुंडीला आला. "माझ्या साहेबांना गाव हसंल हो!"

त्याचे आजोबा मात्र गरजले, "पाव्हणा आपला आहेर डोस्क्यावर मिरवतोय, अन् आपुन पिशवीत कोंबतोय व्हय?"

साऱ्या म्हाताऱ्यांनी पिशव्या उघडल्या, टोप्या एकावर एक डोक्यावर चढवल्या. पंगतीत मान वाकवून जेवणं कुणालाच जमेना. हसायला मोकळं कुणीच उरलं नाही.