उजवा डबा

गाणं ऐकायला एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न मला बोरीपासून नारायणगावपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. बाजारात तयार टेप मिळतात, मग हा बाबा घरात बसून काचेच्या वाल्वचा अॅम्प्लिफायर कशाला बनवतो? आधी मी समजावून सांगायचो. मग नुसतं ‘हौस’ म्हणायला लागलो. आता कुणी विचारलं तर सरळ म्हणतो, “तुमाला काय करायचंय?”

माझा धंदा मोटारी भरायचा. विहिरीवरची मोटार जळाली की तिची काळी पडलेली तार काढायची आणि नवी भरायची. नारायणगावात माझा गाळा होता. नव्वदच्या पुढंमागं ट्रान्झिस्टरची हलकी मशिनं आली आणि मंडपवाल्यांनी लाऊडस्पीकरची वाल्ववाली जुनी मशिनं भंगारात काढली. एका मंडपवाल्याकडं दोन सारखी मशिनं पडली होती. मी ती मागायला गेलो, तर तिथं आधीच एक लांब मानेचा माणूस उकिडवा बसून त्यांच्यावरची धूळ पुसत होता. घोडेगावचा वायरमन. मला दोन्ही पाहिजे होती, त्यालाही दोन्हीच. आमची चांगली जुंपली. शेवटी मंडपवाला वैतागला आणि त्यानं एकेक मशिन आमच्या हातात दिलं. म्हणाला, “न्या, आन् माझ्या दारातनं जा.”

बाहेर चहा पिताना वायरमन म्हणाला, “राव, स्टिरिओला दोन बाजू लागत्यात. आता तुझ्याकडं एक हाय, माझ्याकडं एक. तू डावी बनव, मी उजवी बनवतो.”

असं ते ठरलं. मशिनं खोलून ट्रान्सफॉर्मर तेवढे ठेवायचे, बाकी सगळं आपल्या हातानं नव्यानं बांधायचं. वाल्व पुण्यातल्या जुन्या बाजारातून आणायचे, पंच्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून. सांगाडा अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा. दोन्ही घरांत त्याला डबाच म्हणायचे. माझी बायको वाल्व पेटलेले बघून म्हणायची, “गाणं ऐकायचंय का पानी तापवायचंय?” त्याच्याकडं वहिनी तर हिवाळ्यात खरंच त्यावर हात शेकायच्या.

त्याचं काम बघण्यासारखं असायचं. आतल्या तारा अशा सरळ, की वाटावं डब्याचं झाकण उघडं ठेवावं. माझं काम म्हणजे आतून वारुळ. तो डोकावून म्हणायचा, “गड्या, ह्यात उंदीर शिरला तर बाहेर यायचा न्हाई.” मी चिडायचो. चिडलो की तो आणखी बोलायचा.

एक कॅसेट आम्ही दोन्ही बाजू ऐकायलाच ठेवली होती. डावीकडून तबला, उजवीकडून सारंगी, अशी भरलेली. माझ्या डब्यावर लावली की तबला ऐकू यायचा आणि सारंगी कुठं तरी लांब, पलीकडच्या घरात चालल्यासारखी. त्याच्याकडं उलटं. दोन्ही डबे शेजारी ठेवून ती कॅसेट लावायची, एवढं एकच आमच्या मनात होतं. बाकी जगाचं काही का होईना.

ते काही जमेना. त्याचा डबा तयार झाला तेव्हा माझा घुं घुं करत होता. माझी घरघर गेली तेव्हा त्याच्या वाल्वनं मान टाकली. पुढं लोडशेडिंगचे दिवस आले. मी डबा घेऊन जीपनं मंचर, तिथून घोडेगाव गाठावं तर तिथं अंधार. तो बोरीला यायचा तर आमच्याकडं गावभरच्या मोटारी चालू, दिवे मिणमिणते, वाल्व पेटायला तयार नाहीत. वर माझी बायको त्याला म्हणायची, “भावजी, तुमी वायरमन, आन् तुमचं कुठंच लाईट नाय!” तो हसायचा. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन आलेला माणूस, तरी हसायचा. डबा पुन्हा पंच्यात बांधून निघायचा आणि म्हणायचा, “जातंय कुठं? ऐकू की.”

मग त्याला कावीळ झाली. साधी वाटली, साधी नव्हती. मी भेटायला गेलो की तो खाटेवरून डब्याकडं बोट दाखवायचा. त्याच्या डोक्यापाशीच फळीवर ठेवला होता, झाकण काढून. “तुझा चालूय ना?” “चालूय.” “मंग झालं. मला उठून बसू दे फकस्त.” मी म्हणालो होतो, आत्ताच आणतो माझा, झोपूनच ऐक. तर म्हणाला, “न्हाई गड्या. मधोमध बसल्याबिगर दोन्ही बाजू सारख्या येत न्हाईत.” हट्टी माणूस. तो उठून बसला नाही.

दशक्रियेला घोड नदीच्या घाटावर गेलो. डिंभ्याच्या धरणाचं पाणी सोडलेलं, नदी भरून चाललेली. प्रवचन झालं, पिंड ठेवले, लोक मागं सरले. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, पण एकही खाली येईना. मग सुरू झालं. थोरल्या पोरानं हात जोडले, आईला सांभाळीन म्हणाला. धाकट्याच्या लग्नाचं वचन देऊन झालं. भावानं बांधाचा वाद सोडला. कावळे तसेच. उन्हं वर आली. लोक चुळबुळ करायला लागले, कुणी तरी दर्भाचा कावळा करा म्हणालं. तेव्हा वहिनी बायकांच्यातून पुढं आल्या आणि मला म्हणाल्या, “भावजी, त्यांचा जीव त्या डब्यात अडकलाय. मला म्हाईती हाय.”

पोरगं मोटारसायकलवर गेलं आणि डबा घेऊन आलं. पिंडाशेजारी दगडावर ठेवला. सगळे मला म्हणाले, तुम्ही बोला. सगळ्या गावासमोर मी काय बोलणार? मी एवढंच म्हणालो, “दोन्ही डबे शेजारी ठेवून वाजवीन. तू मधोमध बस.”

वाक्य संपलं नाही तोच कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला. बायका रडायला लागल्या. मीही रडलो, लाज कसली? मला वाटलं, ऐकलं गड्यानं. डबा आज बोरीला न्यायचा, दुपारीच लावायचा, लाईट असो नसो, कुणाचं तरी जनरेटर आणायचं, इथपर्यंत माझा विचार जाऊन पोचला.

तेवढ्यात भावकीतले एक म्हातारे म्हणाले, “पिंडाला लावलेली वस्तू माघारी न्हेत नसत्यात. पान्यात सोडा.” पोरानं मुंडन केलेलं डोकं हलवलं, पिंड उचलले, भावानं डबा उचलला. मी ओरडलो, “अरे थांबा, तो नाही, तो...” म्हाताऱ्यानं माझा दंड धरला. “पावणं, मागनं टोकू नगा. सुटलाय त्यो.” मी हात झटकून पायऱ्या उतरलो, तोवर डबा पाण्यात गेला होता. वाल्वच्या काचा क्षणभर वर दिसल्या आणि बुडबुडे आले. वहिनी पायरीवर बसून माझ्याकडं बघत होत्या. त्यांचा चेहरा इतका शांत झाला होता, की माझ्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली.

उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर मी गेलो होतो. गुडघाभर पाण्यात, काठीनं चाचपत घाटापासून खाली बरंच लांब गेलो. एक घमेलं सापडलं आणि कुणाची तरी चप्पल. धुणं धुणाऱ्या बायकांना वाटलं माझं काही सोनंनाणं पडलंय.

लोक म्हणतात, दुसरा बनवा. बनवता येतो. वाल्व अजून मिळतात, ट्रान्सफॉर्मर मी भरीन, जन्मभर तेच केलंय. पण तो माझाच असेल, आतून वारुळ. मी शब्द दिला तो त्याच्या डब्याचा. आणि शब्द घेऊन कावळा उडून गेला. त्या कावळ्याचा मला अजून राग येतो, म्हाताऱ्याचा येतो, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त त्याचाच येतो. झोपून ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं, राव?

माझा डबा कपाटात आहे. कधीमधी बाहेर काढून ती कॅसेट लावतो. तबला चांगला स्वच्छ येतो. सारंगी पलीकडच्या घरात. मधोमध बसायची गरज पडत नाही, म्हणून मी डब्याच्या शेजारीच बसतो.

परवा मुलाला सांगून ठेवलं. म्हणालो, मी गेलो की दशक्रिया आपल्या कुकडीवर करू नका. घोडेगावला, घोड नदीच्या घाटावर करा. कावळा शिवो न शिवो, माझा डबा शेवटच्या पायरीवरून सोडा. मुलगा म्हणाला, “आबा, कायपण बोलता. नदीत असलं काय टाकायचं असतं का? आन् कशासाठी?”

मी म्हणालो, “मी शब्द दिलाय एकाला.”