हिरवा, मोठा डबा

"डोळ्याला डुलकी लागते, कानाला लागत नाही." आमच्या गल्लीतल्या हिशेबनिसांचं हे आवडतं वाक्य. रंगाच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं वह्या सांभाळल्या त्या याच वाक्याच्या जोरावर. एकाने आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्याने ऐकून लिहायचा. मुकाट्यानं उतरवलेला आकडा त्यांना चोरून आणल्यासारखा वाटे.

मग लॉकडाऊन आलं. रस्ते ओस पडले, आणि हिशेबनिसांचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं. नऊच्या ठोक्याला ते शर्ट खोचून, बॅग घेऊन आतल्या खोलीतून निघत आणि अकरा पावलं चालून कामावर हजर होत.

"अहो, जरा कांदे सोलून द्या," बायको म्हणाली.

"मी ऑफिसात आहे."

"मग ऑफिसातल्यांनी पाय वर घ्या. फरशी पुसायचीय."

पण वाचणारा माणूस आणायचा कुठून? ती जागा बायकोकडेच गेली. गोदामातल्या मालाच्या चिठ्ठ्या बॅगेतून घरी आल्या होत्या. खिडकी उघडी ठेवून ती खणखणीत आवाजात वाचू लागली आणि हिशेबनीस लिहू लागले. पिवळा लहान इतके, निळा मध्यम तितके. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या खिडकीतल्या शिंप्याला शिंक आली तर इकडच्या पडद्याला कळावं. शिंप्याचं मशीन बंद होतं. हातात सुई नाही, समोर गिऱ्हाईक नाही. तो गजांना टेकून रोज आकडे ऐकत बसे.

दोघांमध्ये बोलणं मात्र नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी शिंपी गल्लीत नवा आला, तेव्हा हिशेबनिसांनी त्याच्याकडे पँट शिवायला टाकली होती. ती घालून ते पहिल्याच दिवशी जिना उतरले, आणि पँट त्यांच्या आधी खाली पोचली. "याला टेप धरता येत नाही," असं ते गल्लीभर सांगत सुटले. तेव्हापासून दोन्ही खिडक्या समोरासमोर होत्या, तोंडं नव्हती.

चिठ्ठ्या लिहून झाल्या, मालकाचा ड्रायव्हर येऊन त्या परत घेऊन गेला. मग वर्षअखेरीची बेरीज मारली, तर गोदामाच्या एकूण आकड्यापेक्षा वहीत सत्तावीस डबे जास्त! पुन्हा मारली, पुन्हा सत्तावीस.

मालकाचा फोन आला. "शनिवारी दुपारपर्यंत जमवा. नाहीतर माझा भाचा कॉम्प्युटरवर सगळं बघेल. तुम्ही मग घरीच विश्रांती घ्या."

विश्रांती हा शब्द ऐकला आणि हिशेबनिसांनी ताट बाजूला सारून वही पुढ्यात ओढली.

"नवाने भाग जातोय," ते पुटपुटले. "म्हणजे कुठंतरी दोन अंकांनी जागा बदलल्यात. तूच उलटं वाचलंस."

"मी?" बायकोने वही मिटली. "घरात चमचा हरवला तरी मीच, तुमचे डबे हरवले तरी मीच! आता वाचा तुमचं तुम्ही."

शनिवारी अकराला मालक मोबाइलच्या पडद्यावर येऊन बसला. हिशेबनीस एकटेच वहीतून वाचत होते. "हिरवा, मोठा डबा, दोनशे पंच्याऐंशी..."

"अठ्ठावन्न!" समोरच्या खिडकीतून आवाज आला.

हिशेबनीस थबकले. मालकाने मान वाकडी केली. "कोण बोललं?"

अकरा वर्षांत न काढलेला शब्द हिशेबनिसांना काढावा लागला. "समोरचे... शिंपी."

"दोनशे अठ्ठावन्न," शिंपी गजांतून म्हणाला. "वहिनींनी बरोबर वाचलं होतं. मला दुकानाच्या शटरला हिरवा रंग द्यायचाय, म्हणून हिरव्यावर कान होता. आणि आमची सगळी मापं कानातच राहतात, साहेब."

मालकाने भाच्याला मूळ चिठ्ठी काढायला लावली. दोनशे अठ्ठावन्न. सत्तावीस डबे जागच्या जागी विरून गेले. मालक म्हणाला, "उघडल्यावर या कामावर. भाचा तुमच्या हाताखाली शिकेल. आणि त्या शिंप्याला एक हिरवा डबा द्या. वहीत लिहून."

फोन बंद झाला. बायको दारात उभी होती. "डोळ्याला डुलकी लागते, कानाला नाही. आणि लिहिणाऱ्या हाताला हो?"

हिशेबनीस उठून खिडकीशी गेले. "तुमचे आभार," ते म्हणाले, जणू दात काढून हातावर ठेवत होते.

"आभार राहू द्या," म्हणत शिंप्याने खणातून एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढली आणि गजांतून हात लांब करून दिली. अकरा वर्षांपूर्वी बायकोच्या हाती पाठवलेलं पँटचं माप. अक्षर हिशेबनिसांचं, ठळक, खाली सहीसकट. कंबर त्रेचाळीस.

हिशेबनिसांची कंबर चौतीस.

त्यांनी मनात वजाबाकी केली. नऊ आले. कान तांबडेलाल झाले.

"पँट आहे अजून?" शिंप्याने विचारलं.

"पेटीत आहे," बायकोच बोलली. "मी टाकू दिली नाही."

बंदी उठली त्या सकाळी शटरवर नवा हिरवा रंग चमकत होता. नऊला हिशेबनीस खाली उतरले, तीच पँट घालून. या वेळी शिंप्याने टेप स्वतःच्या हाताने धरला होता, आणि हिशेबनीस आकडा मोठ्यानं म्हणाले होते. बॅग काखेत मारून ते सावकाश चालू लागले. अकरा पावलं झाली, बारावं पडलं, तरी ऑफिस आलं नाही, तेव्हा कुठं त्यांची मान ताठ झाली.

बायको वरच्या खिडकीतून त्यांच्याकडे पाहत होती. शिंपी शटरशी उभा राहून, गल्लीच्या टोकाला ते वळेपर्यंत, फक्त पँटकडे पाहत होता.