अठ्ठ्याण्णव कप्पे

पातूरजवळच्या आमच्या घरामागे, भांडी घासायच्या जागेशी आई दरवर्षी वांगी लावायची. काटेरी, लहान वांगी. गल्लीतल्या बायका तिच्याकडूनच बी मागून न्यायच्या. मागच्या वर्षी झाडं रोगानं गेली आणि फडक्याच्या गाठीत चिमूटभर बी उरलं.

मी घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला. प्रात्यक्षिकात आम्हाला ट्रेमध्ये रोपं करायला शिकवलं होतं. मी आईकडे ते बी मागितलं.

"थोडं मांगं राहू दे," ती म्हणाली.

"सगळंच दे ना. तिथं एक बी वाया नाई जात. इथं अर्धं कोंबड्याच खातात."

"खातेत, तरी दरसाली उगवतेच ना?" ती हसली. मग गाठ पूर्ण सोडली. "घे बापा. शिकेल्या माणसाचंच खरं."

अकोल्यात जुन्या शहरात माझी भाड्याची खोली आहे. घरमालकीण काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, खोलीत माती-पाणी चालणार नाही. म्हणून ट्रे खाटेखाली ठेवला. अठ्ठ्याण्णव कप्पे, ओला कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, प्रत्येक कप्प्यात एक बी, वरून काळं प्लास्टिक. कोंब दिसले की प्लास्टिक लगेच काढायचं आणि ट्रे उजेडात न्यायचा, हे वहीत अधोरेखित केलेलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी कोपरा उचलून पाहिला. जवळजवळ प्रत्येक कप्प्यात वाकलेला कोंब होता. पण मला शिष्यवृत्तीच्या कागदासाठी अमरावतीची गाडी गाठायची होती. खिडकीत ठेवला तर दिवसभरात कोकोपीट सुकेल, संध्याकाळी येऊन काढू, असं वाटलं. प्लास्टिक पुन्हा नीट दाबून मी निघालो.

सहीचे साहेब नव्हते. उद्या या, म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच. मी ओळखीच्या मुलाच्या खोलीवर दोन रात्री काढल्या. काकूंकडे माझ्या खोलीची दुसरी किल्ली होती. रांगेत उभा राहून मी त्यांना फोन लावला आणि एक रिंग जाताच कापला. ट्रेचं कसं सांगायचं, तेच सुचेना. त्यांचा उलटा फोन आला तेव्हा "चुकून लागला, काकू" म्हणालो.

तिसऱ्या दिवशी खोली उघडली तर कोंदट वास येत होता. प्लास्टिकखाली कोंबांचे पांढरे, लांब धागे होऊन आडवे पडले होते. मी ट्रे खिडकीत ठेवला. दोन दिवसांत सगळं कुजलं.

आईला फोनवर सांगितलं, उगवलंच नाही.

"बीच खराब असंल," ती म्हणाली. "माह्याकडूनच वाळवाचं राहिलं असंल."

पुढच्या रविवारी घरी गेलो. शेजारची मावशी बी मागायला आली. आई तिला म्हणाली, "यंदा नाई व. माह्याच हातानं खराब झालं. पोरानं तं लय मेहनत केली."

मी तिथेच चहा पीत बसलो होतो.

मावशी गेल्यावर आईनं ते रिकामं फडकं धुऊन तारेवर वाळत घातलं.