न पाहिलेल्या मालिकेवरचं माझं मत

ज्या चित्रकाराच्या अकाली मृत्यूबद्दल मी आमच्या घरच्या ग्रुपवर हळहळ व्यक्त केली, तो मालिकेच्या शेवटच्या भागापर्यंत धडधाकट होता. तिसऱ्या भागात माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा पडद्यावर कुणाची तरी अंत्ययात्रा चालली होती आणि हा गडी काही दिसत नव्हता. मी धरून चाललो की गेला. गेला होता त्याचा काका.

मालिका विलायतेतली, दीडशे वर्षांपूर्वीची. चार-पाच तरुण चित्रकार, लांब केस, मळके कोट. म्हाताऱ्या गुरुजींनी घालून दिलेल्या नियमांनी चित्रं काढायची नाहीत असं ठरवतात आणि मग गुरुजींशी, बापाशी, सगळ्यांशी भांडत सुटतात. हिंदीत डब केलेली. नुकतीच बारावी झालेल्या आमच्या लेकीनं ती रविवारी दुपारी आम्हाला लावून दिली, वर ग्रुपवर टाकलं की सगळ्यांनी पाहा आणि मत सांगा. तिला आमचं मत काहून पाहिजे, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

आठवडाभरात मतं आली. एकोडीहून मोठ्या भावानं लिहिलं, "पोट्टे चांगले आहेत, पन सकाळी उठून कोनीच कामाले जात नाही." वहिनीनं खाली जोडलं, "त्याईचा सैपाक कोन करते ते दाखवलंच नाही." भाऊजींचा एकच प्रश्न, "शेवटी नोकरी लागली का?" बहीण म्हणाली, आवडली, पण सासऱ्यांसमोर पाहाले लाज वाटते. माझी बायको ग्रुपवर लिहीत नाही. एका भागात एक मुलगी हातात कंदील उंच धरून चित्रकारासमोर उभी असते, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "हात भरून आला असन तिचा."

मी भंडाऱ्याच्या सरकारी कार्यालयात बाबू. टिपणी लिहिणं हा माझा धंदाच. मी दीड पान लिहिलं. त्यात एक वाक्य असं होतं : 'मुलांच्या आवडीच्या आड येणारा बाप हा बाप नव्हे, कुंपण होय.' चांगलं वाटलं म्हणून दोनदा वाचलं. धडाधड अंगठे आले. भावानं तर फोनच केला.

"वाचलं रे. पन मेला कोन?"

सोमवारी सकाळी मी जोडे घालत होतो तेव्हा लेक एक कागद घेऊन आली. नागपूरच्या चित्रकलेच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा. अर्ज तिनं भरून ठेवला होता. पालकाचं संमतिपत्र तेवढं बाकी. शुक्रवारी पाचच्या आत सही करून अपलोड करायचं.

"बाबा, तुम्हीच तर लिहिलं ना," ती हसत म्हणाली.

मी पण हसलो. बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली. शेजाऱ्यांना, साहेबांना, किराणावाल्यालाही मी सांगून बसलो होतो की पोरगी फार्मसीला जाणार. विलायतेतल्या बापांना कुंपण म्हणायला माझं काय जात होतं?

"वाचून करतो," म्हणालो आणि कागद बॅगेत टाकला.

आमच्या कार्यालयात एक सोय आहे. एखाद्या फायलीला हो म्हणायचं नसेल आणि नाही म्हणायची हिंमत नसेल, तर समासात लिहायचं, 'चर्चा करावी.' चर्चा कुणी करत नाही. फाईल शांतपणे पडून राहते. त्या दुपारी मी तो कागद काढला, वाचला आणि हात सवयीनं चालला. पेन्सिलीनं लिहून गेलो : चर्चा करावी. पाहून माझं मलाच हसू आलं. खोडलं मात्र नाही.

मंगळवार गेला. बुधवारी लेकीनं विचारलं, तर साहेब दौऱ्यावर आहेत, कामं फार, असं सांगितलं. साहेबांचा आणि त्या कागदाचा काय संबंध, हे तिनं विचारलं नाही. शुक्रवारी तिचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत. स्कूटरनं घर दहा मिनिटांवर. बॅग पायाशी होती. मी चहा प्यायलो, शेजारच्या टेबलाशी पावसापाण्याचं बोललो आणि भिंतीवरचा काटा पाचाच्या पुढे जाईस्तोवर बसून राहिलो.

घरी आल्यावर बॅगेतून कागद काढत म्हणालो, "अगं, विसरूनच गेलो."

ती पलंगावर चित्रांची फाईल उघडून बसली होती. परीक्षेला न्यायची म्हणून लावून ठेवलेली. मी पहिल्यांदाच पाहत होतो. सगळीकडे तिची आई. तांदूळ निवडताना. भिंतीला टेकून डुलकी घेताना. दोरीवर कपडा टाकायला हात वर केलेली, तोच हात पाच कागदांवर पाच तऱ्हांनी. एका कागदावर नुसती भेगाळलेली टाच. इतक्या वर्षांत मी ती टाच पाहिली नव्हती.

"हे कधी काढलं?"

"तुम्ही ऑफिसात असता तेव्हा."

तिनं माझ्या हातून संमतिपत्र घेतलं. समासातले दोन शब्द वाचले. मग चित्रांचं खोडरबर घेऊन ते हळूच खोडले, चुरा फुंकला आणि कागद फाईलमध्ये सगळ्यांत खाली ठेवला. रडली असती तर मला समजूत काढता आली असती.

"पुढच्या वर्षी भरू ना," मी म्हणालो.

ती उठून मैत्रिणीकडे गेली. बायको पलंगावरची चित्रं एकावर एक ठेवत होती, माझ्याकडे न पाहता. सगळी ठेवून झाल्यावर म्हणाली,

"विसरले नाही तुमी. मी वरसभर बसली तिच्यासाठी, मान अवघडली तरी हलली नाही. तुमाले एक सही कराची होती."