आपल्याच बाजूच्या शिव्या

आमचं मैदान म्हणजे आखाडा बाळापूरच्या बाजारतळाला लागून असलेली मोकळी जागा. बाजाराच्या दिवशी तिथे शेळ्या बांधलेल्या असतात, बाकीच्या दिवशी आमचा फुटबॉल चालतो. शाळेत मी खेळाचा तास घेतो आणि वस्तीतल्या तरुण पोरांचा संघ सांभाळतो. सांभाळतो म्हणजे कोण खेळेल, कोण बसेल ते ठरवतो आणि हरलो की बोलणी खातो.

बोलण्यात सगळ्यात वरचा आवाज आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या गवंड्याचा. सगळे त्यांना काका म्हणतात. तरुणपणी ते कामासाठी हैदराबादला राहिले, तिथे त्यांना फुटबॉलचं वेड लागलं. प्रत्येक सामन्याला ते सायकलला कॅन बांधून पाणी आणायचे, कडेला विटांवर ठेवलेला माठ भरायचे, पोरांना हाका मारून पाजायचे आणि सामना सुरू झाला की माझ्यावर सुरू व्हायचे.

गेल्या हिवाळ्यात वसमतचा संघ आमच्याकडे आला. पोरं तगडी होती, म्हणून मी आमची निम्मी पोरं मागे ठेवली. बराच वेळ चेंडू आमच्याच गोलसमोर घोटाळत राहिला. लोक कंटाळले, मग चिडले. वसमतवाल्यांना कुणी काही म्हणत नव्हतं, सगळा राग माझ्यावर.

"अरे मास्तर, भेतो काहून? पोरं पुढं सोड!" काका ओरडले. मी ऐकलं नाही असं दाखवलं. मग ते म्हणाले, "शाळंत लेकरायला भेव दाखवनं सोपं हाय. इथं अक्कल लागती!"

लोक खदखदून हसले. माझ्या शाळेतली मुलं तिथे होती, तीही हसली. बायको मैत्रिणींसोबत निंबाखाली उभी होती. तिनं पदर सावरला आणि दुसरीकडे पाहिलं. मला मैदान सोडून घरी जावंसं वाटलं. पण मी कडेच्या सावलीत हाताची घडी घालून, मान ताठ करून उभा राहिलो. इतक्या वर्षांत तेवढं एक मला जमायला लागलं होतं.

तेवढ्यात आमच्या पुढच्या फळीतल्या एका पोराला चेंडू मिळाला. हा पोरगा वसमतच्या मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात, हळदीची पोती उचलतो आणि संघात सगळ्यात वेगानं पळतो. एकटाच दोघांना चुकवत गेला आणि गोल केला. लोक नाचायला लागले. तो मात्र आनंदानं नाही, रागानं पळत आपल्याच लोकांकडे गेला. ओठावर बोट ठेवलं, "गप!" म्हणाला, आणि काकांच्या माठाला लाथ मारली.

खापऱ्या उडाल्या. पाणी पांढऱ्या मातीत पसरलं, बायकांच्या चपलांपर्यंत गेलं. काका खाली पाहत म्हणाले, "पाण्यानं काय केलं रे?"

त्या क्षणी मला बरं वाटलं. माझ्या वतीनं कुणीतरी उत्तर दिलं होतं.

पंचांनी पोराला पिवळं कार्ड दाखवलं. मीही लगेच त्याला बाहेर बोलावलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात झापलं. तो बूट काढून अनवाणी निघून गेला. त्याच्यावाचून आम्ही दोन गोल खाल्ले आणि हरलो. पण त्या दिवशी मला कुणीच शिव्या दिल्या नाहीत. उलट एकदोघं म्हणाले, "सरनं बराबर केलं." ते ऐकताना माझी छाती फुगली होती, हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांकडे गेलो. ते ओट्यावर सायकलच्या चेनीला तेल सोडत होते.

"काका, पोरगं चुकलं. त्याच्या वतीनं मी माफी मागतो."

"त्याच्या वतीनं?" त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पायडल फिरवलं. "बरं."

बस म्हणाले नाहीत, चहाचं विचारलं नाही. मला वाटलं, पोरानं समोर यायला हवं. म्हणून तसाच वसमतला मोंढ्यात गेलो. पोरगा पोती उतरवत होता, भुवयांपर्यंत हळदीनं माखलेला.

"काकांची माफी मागायची," मी म्हणालो.

"मागतो ना सर. त्याचा मलाच घोर लागून राहिला." पोतं खाली टाकून त्यानं तोंड पुसलं. "पन एक सांगू? तुमी हासलात."

"कधी?"

"माठ फुटला तवा. मी पयल्यांदा तुमच्याकडंच पाहिलं. ते तुमाला बोलून राहिले होते म्हनून तर माझं डोकं फिरलं. तुमी हासलात, मला वाटलं बराबर झालं. अन् मंग तुमीच मला चार लोकांत बाहेर काढलं."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण माझेच गाल मला आठवले, कसे सैल झाले होते ते. आजूबाजूला हमाल उभे होते, त्यातले दोघं आमच्याच गावचे. मला त्याच्या डोळ्यांकडे पाहवेना. एवढंच म्हणालो, "संध्याकाळी दोघं जाऊ."

गेलो. पोरगा दारातच हात जोडून म्हणाला, "जय भीम काका. चुकलं माझं." काकांनी त्याचा दंड धरला, शेजारी बसवून घेतलं. "भाकर खाल्ली काय? लई वाळून राहिला तू," म्हणाले. प्रश्न तिथेच मिटला. तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण पोरगा माझ्याकडे बघत होता.

"काका," मी म्हणालो, "माठ फुटला तेव्हा मी हसलो होतो."

"दिसलं मला."

आत त्यांची सून भांडी घासत होती, तो आवाज थांबला.

"ते पोरगं उन्हात पळून तापलं होतं," काका म्हणाले. "तुमी तर सावलीत उभे व्हते, सर."

मी त्यांच्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झालो. आजवर त्यांनी मला 'अरे मास्तर' सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

काका पुन्हा सामन्याला यायला लागले. त्या पोराला आता दुप्पट बोलतात, आणि तो पळता पळता हसून हात दाखवतो. गेल्या महिन्यात आम्ही औंढ्याला खेळायला गेलो होतो. बरोबरीत चाललेल्या सामन्यात मी भलत्याच पोराला बाहेर काढलं आणि लगेच आमच्यावर गोल बसला. आमची सगळी बाजू माझ्यावर तुटून पडली. मी कान देऊन उभा राहिलो, त्या गोंगाटात एक आवाज शोधत. सापडेना, म्हणून वळून पाहिलं. काका शेजारच्याला विचारत होते, टेम्पो परत कधी निघणार म्हणून.